खरा दगड आणि खोटा दगड: टॉर्बर्नाइटची गोष्ट



आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी गेलात तरी 'रेडियम आर्ट' अशी पाटी लावलेलं एक दुकान हमखास सापडतं. नंबर प्लेट, टाकीवरचं नाव, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद', सगळं तिथे कापून मिळतं. 'रेडियम लावून घेतलं' असं आपण सर्रास म्हणतो. त्या स्टिकरमध्ये रेडियम नावालाही नसतं बरं का. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड परत फेकणारा तो एक प्लास्टिकचा कागद असतो. पण शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या काट्यांना खरंच रेडियम मिसळलेला रंग लावायचे. ते काटे रात्री हिरवट दिसायचे. अंधारात चमकतं ते रेडियम, ही समजूत तेव्हापासूनची. त्यात कार्टून आणि सिनेमांनी भर घातली. किरणोत्सारी वस्तू म्हटली की हिरवी, चमकणारी, धूर सोडणारी!

आज ज्या दगडाबद्दल बोलायचंय तो खरोखर हिरवा आहे, अगदी पाचूसारखा. तो खरोखर किरणोत्सारीही आहे. पण अंधारात तो अजिबात चमकत नाही. अतिनील दिव्याखाली धरलात तरी बहुतेक वेळा गप्पच बसतो. त्याचं नाव टॉर्बर्नाइट. रेडियमच्या शोधात या दगडाचा मोठा हात आहे, आणि तो कसा, हे फार थोड्यांना माहीत असतं. मेरी क्युरीची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. त्यात पिचब्लेंड नावाचा काळा दगड असतो, गळकी शेड असते, मोठ्या कढईतलं ढवळणं असतं. हा हिरवा दगड मात्र गोष्टीतून गळून जातो. आज त्याच्याकडेच बघू.

दगड आहे तरी कसा?

टॉर्बर्नाइट हे एक फॉस्फेट खनिज आहे. त्यात चार गोष्टी असतात: तांबं, युरेनियम, फॉस्फेट आणि पाणी. हिरवा रंग तांब्यामुळे येतो. वजन बघितलं तर निम्म्याच्या जवळपास एकटं युरेनियम. स्फटिक चौकोनी, पातळ पत्र्यांसारखे. एकावर एक रचलेल्या हिरव्या काचेच्या चकत्या डोळ्यांसमोर आणा. अभ्रकाचे कसे पापुद्रे निघतात, तसेच याचेही निघतात. आणि दगड म्हणायचा इतकंच, एरवी फार मऊ. कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर हिऱ्याला १० गुण, याला जेमतेम २ ते २.५. म्हणजे आपल्या नखाच्या आसपास.

आतली रचनाही त्या पत्र्यांसारखीच आहे. युरेनियम आणि फॉस्फेटचे थर, आणि दोन थरांच्या मधल्या जागेत तांबं आणि पाण्याचे रेणू. हे पाणी फार घट्ट धरलेलं नसतं. हवा कोरडी झाली किंवा दगड थोडा तापला, की त्यातलं काही पाणी उडून जातं. पाण्याचे बारा रेणू होते तिथे आठच उरतात. असं झालं की ते खनिजच बदलतं, त्याला मेटाटॉर्बर्नाइट म्हणतात. स्फटिकाची पारदर्शकता कमी होते, तो ठिसूळ होतो, आणि पुन्हा पाण्यात बुडवून ठेवला तरी पूर्वीसारखा होत नाही. संग्रहालयात काचेआड 'टॉर्बर्नाइट' म्हणून ठेवलेले कितीतरी नमुने आज खरं तर मेटाटॉर्बर्नाइट झालेले आहेत.

त्याचा एक जवळचा भाऊ आहे, ऑट्युनाइट. रचना तशीच, फक्त तांब्याच्या जागी कॅल्शियम. तो पिवळसर असतो आणि अतिनील दिव्याखाली झगमगतो. टॉर्बर्नाइटमध्ये तीच चमक तांबं दाबून टाकतं. म्हणून सांगतो, चमक आणि किरणोत्सर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिसली म्हणजे दुसरी असेलच असं नाही, आणि नाही दिसली म्हणजे नसेल असंही नाही.

तो तयार कसा होतो?

जमिनीच्या खोल पोटात, तापलेल्या लाव्ह्यातून हा दगड जन्माला येत नाही. तो वरच्या भागात, पावसाच्या पाण्याने तयार होतो.

समजा, ग्रॅनाइटचा डोंगर आहे. त्याच्या भेगांमध्ये फार पूर्वी युरेनियमचं काळं खनिज साठलंय, म्हणजे पिचब्लेंड. शेजारी तांब्याची खनिजंही आहेत. खाली ऑक्सिजन पोचत नाही तोवर दोन्ही शांत असतात. त्या स्थितीतलं युरेनियम पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. पण डोंगर झिजत जातो, वरचा भाग उघडा पडतो, आणि भेगांमधून पावसाचं पाणी हवेतला ऑक्सिजन घेऊन खाली झिरपायला लागतं. लोखंडाला गंज चढतो ना, तसाच प्रकार इथे सुरू होतो. ऑक्सिजन मिळाला की युरेनियमचं रूप बदलतं आणि ते पाण्यात विरघळून वाहू लागतं. तांब्याचंही तेच होतं.

आता राहिलं फॉस्फेट. ते येतं ॲपेटाइट नावाच्या खनिजातून. ग्रॅनाइटमध्ये त्याचे बारीक कण असतातच. आपली हाडं आणि दात याच खनिजाच्या भावंडापासून बनलेत. हे तिन्ही घटक वाहता वाहता एखाद्या भेगेत एकत्र आले आणि पाण्याचा आम्लपणा जुळून आला, की भेगेच्या भिंतीवर हिरवे चौकोनी पत्रे धरू लागतात. असं आधीच्या खनिजांच्या झिजेतून बनलेल्या खनिजाला दुय्यम खनिज म्हणतात.

म्हणूनच हा दगड ग्रॅनाइटच्या मुलखात सापडतो: इंग्लंडचा कॉर्नवॉल, जर्मनीतल्या सॅक्सनीचे डोंगर, फ्रान्सचा काही भाग. तिकडे आफ्रिकेत काँगोमध्ये तांबं आणि युरेनियम शेजारी शेजारी आहेत, तिथलेही नमुने प्रसिद्ध आहेत. आपल्या सह्याद्रीत तो का मिळत नाही, याचं उत्तरही यातच आहे. आपला काळा पत्थर म्हणजे बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा खूपच कमी असतं. पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणींत मिळालेला सुंदर हिरवा अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. पण तो सिलिकेट आहे, त्याचा या मंडळींशी काही संबंध नाही.

नावामागची माणसं

अठराव्या शतकात सॅक्सनीच्या खाणींमधून हे हिरवे पत्रे अभ्यासकांच्या हाती येऊ लागले. पापुद्रे निघतात म्हणून त्याला सरळ 'हिरवा अभ्रक' म्हटलं गेलं. त्यात तांबं आहे हे लक्षात आल्यावर तांब्याच्या ग्रीक शब्दावरून 'कॅल्कोलाइट' हे नाव पडलं. पुढे १७९३ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांच्या नावावरून आजचं नाव आलं. फ्रान्समध्ये मात्र कॅल्कोलाइट हेच नाव बराच काळ चालू राहिलं. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दरम्यान १७८९ मध्ये बर्लिनच्या मार्टिन क्लापरोथ यांनी पिचब्लेंडमध्ये एक नवं मूलद्रव्य असल्याचं जाहीर केलं. आठ वर्षांपूर्वीच विल्यम हर्शेल यांना युरेनस ग्रह सापडला होता. क्लापरोथ यांनी त्याच्यावरून आपल्या मूलद्रव्याचं नाव ठेवलं युरेनियम. या युरेनियमचा उपयोग काय, तर पुढची शंभर वर्षं मुख्यतः काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना पिवळा-हिरवा रंग द्यायचा! त्यातून काही बाहेर पडतंय, याची कुणाला कल्पनाही नव्हती.

ती कल्पना आली १८९६ मध्ये. पॅरिसमध्ये हेन्री बेकरेल यांनी काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर युरेनियमचे क्षार ठेवले. उजेड न लागताही काच काळी पडली. म्हणजे युरेनियममधून आपोआप कसलेतरी किरण निघत होते. पण त्या वर्षी सगळं जग एक्स-रेच्या नादी लागलं होतं. बेकरेलच्या किरणांकडे फारसं कुणी वळलं नाही.

पॅरिसमधली एक दमट खोली

१८९७ च्या डिसेंबरमध्ये मेरी क्युरींनी डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला. वय तीस. पहिली मुलगी आयरीन अवघ्या तीन महिन्यांची. नवरा पिएर शिकवायचे त्या महापालिकेच्या औद्योगिक शाळेत एक कोठीवजा दमट खोली मिळाली. फेब्रुवारीत त्या खोलीतलं तापमान सहा अंशांच्या आसपास उतरल्याची नोंद आहे.

जागा साधी होती, पण मोजायची पद्धत अफलातून होती. आधीचे लोक फोटोची काच किती काळी पडली यावरून अंदाज बांधायचे. मेरींनी वीज मोजायला घेतली. धातूच्या दोन चकत्या, आठ सेंटिमीटर व्यासाच्या, एकमेकींपासून तीन सेंटिमीटरवर. खालच्या चकतीवर दगडाची पूड पसरायची. पूड किरण सोडते, किरणांमुळे मधली हवा किंचित वीजवाहक होते आणि चकत्यांमधून अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो. तो मोजायला पिएर आणि त्यांचा भाऊ जाक यांनी बनवलेलं क्वार्ट्झचं उपकरण होतं. क्वार्ट्झवर वजनाने ताण दिला की त्यात ठरावीक विद्युतभार तयार होतो, त्याने समोरचा प्रवाह तोलायचा. थोडक्यात, वाण्याचा तराजूच, फक्त एका पारड्यात वीज.

मग मेरींनी काय केलं? हाताला लागेल ते सगळं मोजलं. नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयातून आणि इतर संशोधकांकडून खनिजं मागून आणली. युरेनियमच्या संयुगांत एक नियम दिसला. युरेनियम जास्त तर किरण जास्त, कमी तर कमी. ते कशाशी जोडलंय, ओलं आहे की कोरडं, याने जवळजवळ फरक पडत नाही. म्हणजे किरण युरेनियमच्या अणूमधूनच निघत असले पाहिजेत. याचा साधा अर्थ असा, की शुद्ध युरेनियमपेक्षा जास्त किरण कुठल्याच युरेनियमच्या दगडातून यायला नकोत.

आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांच्या १९०३ च्या प्रबंधातले आकडे बघा, सगळे एकाच मापातले. युरेनियम धातू: २.३. पिचब्लेंडचे चांगले नमुने: ६.५ ते ८.३. आणि आपला हिरवा दगड, कॅल्कोलाइट: ५.२. ज्यात युरेनियम निम्मंही नाही, तो दगड शुद्ध युरेनियमच्या दुपटीहून जास्त सक्रिय!

खोटा दगड

आता इथे थांबून विचार करा. तुमच्या हातात असा विचित्र आकडा आला तर तुम्ही काय म्हणाल? उपकरण बिघडलं असेल. हवेत ओल असेल. किंवा स्फटिकाच्या रचनेतच काहीतरी असेल, ज्यामुळे किरण वाढत असतील. शेवटची शंका सगळ्यात अवघड, कारण ती नुसतं पुन्हा पुन्हा मोजून जात नाही.

पिचब्लेंड या बाबतीत काही कामाचं नव्हतं. त्यात डझनभर मूलद्रव्यांची खिचडी असते. पण कॅल्कोलाइटची रचना नेमकी माहीत होती. तांबं, युरेनियम, फॉस्फेट, पाणी. बस्स. मग मेरींनी ठरवलं, हा दगड आपणच बनवायचा.

कृती आधीच उपलब्ध होती, दब्रे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची. युरेनियम नायट्रेटचं द्रावण घ्यायचं. तांब्याचं फॉस्फेट फॉस्फोरिक आम्लात विरघळवून त्यात मिसळायचं. पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवायचं आणि वाट बघायची. काही वेळाने त्या द्रावणात कॅल्कोलाइटचे स्फटिक तयार होतात. निसर्ग डोंगराच्या भेगेत जे करतो तेच काचेच्या भांड्यात. फरक इतकाच, की मेरींनी वापरलेली सगळी रसायनं शुद्ध होती.

हा खोटा दगड चकतीवर ठेवला. आकडा आला ०.९.

युरेनियमच्या अडीच पट कमी. त्यातल्या युरेनियमच्या प्रमाणात बघितलं तर जितका यायला हवा तितकाच. रासायनिक घडण तीच, स्फटिक तेच, आणि खऱ्या दगडाचा आकडा मात्र जवळपास सहापट. म्हणजे उपकरण ठीक होतं, रचनेचाही दोष नव्हता. खऱ्या दगडात असं काहीतरी होतं, जे शुद्ध रसायनांत नव्हतं. प्रमाणाने इतकं थोडं की रासायनिक तपासणीत दिसत नाही, आणि ताकदीने इतकं मोठं की उपकरणाचा काटा हलवतं.

१२ एप्रिल १८९८ रोजी मेरींचं टिपण पॅरिसच्या विज्ञान अकादमीत वाचलं गेलं. त्या स्वतः सभासद नव्हत्या, म्हणून ते त्यांचे प्राध्यापक गाब्रिएल लिपमन यांनी सादर केलं. त्यात त्यांनी मांडलं, की या खनिजांमध्ये युरेनियमपेक्षा कितीतरी सक्रिय असं एखादं मूलद्रव्य असावं. त्यानंतर पिएर आपलं काम बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर आले. जुलैमध्ये पोलोनियम जाहीर झालं. मेरींचा पोलंड तेव्हा नकाशावर स्वतंत्र देश म्हणून नव्हता, तरी त्याचं नाव आवर्तसारणीत गेलं. डिसेंबरमध्ये रेडियम आलं. गळकी शेड, कढया, टनावारी पिचब्लेंड, हे सगळं त्याच्या पुढचं. त्या शेडमध्ये घाम गाळायला पाऊल उचललं, ते खोट्या दगडाच्या आकड्याने ठाम झालं होतं.

मग फरक होता तरी कशाचा?

याचं पूर्ण उत्तर काही वर्षांनी मिळालं, रदरफोर्ड आणि सॉडी यांनी किरणोत्सर्गाचं गणित उलगडल्यावर. युरेनियमचा अणू फुटतो आणि दुसऱ्या मूलद्रव्याचा अणू होतो. तोही फुटतो, तिसरा होतो. अशी लांबलचक वंशावळ आहे. त्यात रेडियम येतं, रेडॉन येतं, पोलोनियम येतं आणि शेवटी शिसं. प्रत्येकाचा अर्धायुकाल वेगळा, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ वेगळा. युरेनियमचा साडेचार अब्ज वर्षं, रेडियमचा १,६०० वर्षं, रेडॉनचा जेमतेम चार दिवस.

युरेनियम रसायनशाळेत शुद्ध केलं, की ही सगळी पोरंबाळं त्याच्यापासून तोडली जातात. पहिल्या एक-दोन पिढ्या काही आठवड्यांत पुन्हा तयार होतात, पण रेडियमपर्यंत पोचायला हजारो वर्षं लागतात. मेरींचा खोटा दगड काही दिवसांचा होता. खरा दगड डोंगराच्या भेगेत युगानुयुगं पडून होता. त्याच्या हिरव्या पत्र्यांत युरेनियमचं कुटुंब साठत गेलं होतं. दोन दगडांत फरक होता तो वयाचा! पुढे १९०७ मध्ये बर्ट्राम बोल्टवुड यांनी याच तत्त्वाने, दगडातलं युरेनियम आणि शिसं मोजून, दगडांची वयं काढायला सुरुवात केली. पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे हे आपण आज सहज म्हणतो, ते याच वाटेने कळलं.

आणि हे साठलेलं रेडियम किती असतं? तीस लाख भाग युरेनियममागे साधारण एक भाग. तेवढ्याशाने काटा हलला होता.

ज्यांनी दगड बाहेर काढला

गोष्ट इथे संपवली तर अर्धीच सांगितली असं होईल. कारण त्या दगडात जे साठतं, ते दगडातच राहत नाही.

रेडॉन हा वायू आहे. टॉर्बर्नाइटसारख्या पापुद्र्यांच्या, मऊ दगडातून तो सहज निसटतो. खाणीच्या बंद हवेत तो साचतो, फुटतो, आणि त्यातून तयार झालेले पोलोनियमसारखे कण धुळीला चिकटून फुप्फुसात जाऊन बसतात. सॅक्सनी आणि बोहेमियाच्या डोंगरांत खाणकामगार तरुणपणीच खोकून खोकून मरायचे. या भागातल्या योआखिमस्थाल गावात १५२७ पासून गेओर्ग आग्रिकोला हे वैद्य होते. खाणकामावरचा त्यांचा ग्रंथ १५५६ मध्ये आला. त्यात कार्पेथियन डोंगरांतल्या अशा बायकांचा उल्लेख आहे, ज्यांनी सात-सात लग्नं केली आणि सातही नवरे या दुखण्याने गेले.

लोक त्याला 'डोंगराचा आजार' म्हणत. कुणी भुतांना दोष दिला, कुणी धुळीला. १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेस्स या दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या कामगारांची तपासणी करून हा फुप्फुसातला घातक गाठींचा रोग असल्याचं दाखवलं. म्हणजे कर्करोग. पण खरं कारण दिसायला आधी रेडॉन सापडायला हवा होता, आणि तो सापडला मेरींच्या शोधानंतर. ज्या योआखिमस्थालमधून क्युरींना पिचब्लेंडचा चोथा मिळाला, तिथेच दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने राजकीय कैद्यांना युरेनियमच्या खाणीत जुंपलं. तेव्हा धोका माहीत होता. तरी जुंपलं.

मेरी क्युरी स्वतः १९३४ मध्ये रक्ताच्या आजाराने गेल्या. अस्थिमज्जा निकामी झाली होती. त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्यात. त्याच रेडियमने पुढे कर्करोगावरच्या उपचारांना सुरुवात झाली, हेही तितकंच खरं.

आपल्या देशातही तांबं आणि युरेनियम एकाच पट्ट्यात आहेत, झारखंडच्या सिंहभूममध्ये. जादुगुडाची खाण तिथलीच. आपल्या विजेच्या बिलात अणुऊर्जेचा थोडासा वाटा असतो, त्याच्या मागे अशा खाणीत उतरणारी माणसं असतात. आज खाणीत जोराने हवा खेळवतात, रेडॉन मोजतात. ही काळजी फुकट शिकलेली नाही. सात नवरे गमावलेल्या बायकांपासून तिचा हिशेब सुरू होतो.

जाता जाता, कामाची गोष्ट

हल्ली मोबाइलवर खनिजांचे नमुने घरपोच मिळतात. हिरवागार टॉर्बर्नाइटही विकायला असतो, फोटोत फार देखणा दिसतो. बघितला म्हणून लगेच काही होत नाही, घाबरायचं कारण नाही. पण झोपायच्या खोलीत, बंद कपाटात, लहान मुलांच्या हाताशी ठेवायची ही वस्तू नव्हे. तो झडतो, त्याची पूड होते, आणि त्यातून रेडॉन निघतच राहतो. पूड श्वासातून किंवा हातावरून पोटात जाणं सगळ्यात वाईट. संग्रहालयात काचेपलीकडून बघा. हात लावायची वेळ आलीच, तर साबणाने धुवा.

आणि विज्ञान शिकणाऱ्यांसाठी एक सांगणं. मेरींकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती, पैसा नव्हता, खोली तर सहा अंशांची. विचित्र आकडा आला तेव्हा त्यांनी तो खोडला नाही, आणि लगेच डंकाही पिटला नाही. तसाच दुसरा दगड स्वतः बनवला, आणि तो मोजला. तुमच्या प्रोजेक्टमध्ये, प्रॅक्टिकलमध्ये एखादा आकडा नको तिथे जाईल, तेव्हा विचारा: याचा खोटा दगड मला बनवता येईल का?

तुमचे प्रश्न नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.